टॉवरवर खरेच काही बदलले का? मोबाइल नेटवर्कचे अपग्रेड तपासण्याची क्रमवार पद्धत

आपल्या भागातील नेटवर्क अधिक सक्षम केल्याचा संदेश कंपनीकडून येतो, गच्चीवरच्या टॉवरवर दोन दिवस माणसे काम करताना दिसतात आणि मग बहुतेक जण एकच गोष्ट करतात: वेग मोजणारे ॲप उघडून एकदा चाचणी घेतात. आकडा मोठा आला तर अपग्रेड झाले आणि लहान आला तर कंपनीने फसवले, असा निष्कर्ष त्यावरून काढला जातो. या पद्धतीत मूलभूत चूक आहे. अपग्रेड म्हणजे दोन स्थितींमधला फरक असतो, त्यामुळे पहिल्या स्थितीची नोंद नसेल तर दुसरा आकडा कितीही अचूक असला तरी त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पुढील टप्पे म्हणूनच दिलेल्या क्रमानेच करावेत. वेगचाचणी शेवटाकडे ठेवली आहे, आणि तिची खरी जागा तीच आहे.

१. काय शोधायचे ते आधी ठरवा

अपग्रेड या एका शब्दाखाली अनेक वेगवेगळी कामे येतात आणि प्रत्येकाची खूण निराळी असते. नवा टॉवर उभा राहिला तर परिसरात नवा सेल क्रमांक दिसू लागतो (सेल म्हणजे टॉवरवरील एका अँटेनाने एका वारंवारितेवर व्यापलेला भाग). जुन्या टॉवरवर नवा बँड, म्हणजे वारंवारितेचा नवा पट्टा, सुरू झाला तर टॉवरचा क्रमांक तोच राहतो, मात्र त्याच्या पोटात नवा सेल आणि नवी वारंवारिता दिसते. आहे त्याच बँडची रुंदी वाढवली, अँटेनाची दिशा किंवा झुकाव बदलला, अथवा टॉवरपर्यंत ऑप्टिकल फायबर आणली, तर फोनच्या वरच्या पट्टीतील दांड्यांमध्ये काहीच फरक पडणार नाही असेही होऊ शकते. फायबरचे काम तर रेडिओच्या कोणत्याही मापनात उमटत नाही. ते फक्त वेगात दिसते.

आपली कंपनी कोणते बँड वापरते हेही आधी माहीत हवे. जिओचे ४जी ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्‌झवर, म्हणजे बँड ५, ३ आणि ४० वर चालते. तिचे ५जी ७०० आणि ३३०० मेगाहर्ट्‌झवर, म्हणजे एन२८ आणि एन७८ वर, ४जीच्या आधाराविना स्वतंत्रपणे चालते. एअरटेलचे ४जी प्रामुख्याने ९००, १८००, २१०० आणि २३०० वर आहे, आणि फोनवरचे तिचे ५जी मुख्यतः एन७८ वर ४जीचा आधार घेऊन सुरू झाले. व्हीआयकडे ९००, १८००, २१०० आणि २५०० चे पट्टे आहेत आणि तिचे ५जी मुंबईत मार्च २०२५ मध्ये सुरू झाले. बीएसएनएलचे नवे ४जी मुख्यतः ७०० आणि २१०० मेगाहर्ट्‌झवर, म्हणजे बँड २८ आणि १ वर शोधावे.

येथे सर्कलचा, म्हणजे परवान्याच्या विभागाचा, मुद्दा अनेकांच्या ध्यानात येत नाही. दूरसंचार परवान्यांच्या हिशेबात मुंबई हे स्वतंत्र सर्कल आहे आणि त्यात नवी मुंबई, ठाणे व कल्याणही येतात. उर्वरित महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरे सर्कल होते. एकाच कंपनीकडे या दोन सर्कलांत असलेल्या लहरींचे प्रमाण सारखे असेलच असे नाही. त्यामुळे मुंबईतील सुधारणेची बातमी वाचून ती पुण्यात, नाशिकमध्ये किंवा पणजीत शोधत बसू नये.

२. फोन तयार करा

पूर्ण तुलना एकाच फोनवर, त्याच कव्हरसह करावी. दोन फोनांच्या अँटेनांमध्ये इतका फरक असतो की एकाच खुर्चीवर बसून घेतलेल्या नोंदीही जुळत नाहीत. जुन्या फोनवरची आधीची नोंद आणि नव्या फोनवरची नंतरची नोंद यांची तुलना तर पूर्णपणे निरर्थक ठरते.

फोन आवश्यक ते बँड पकडतो का, हे उत्पादकाच्या संकेतस्थळावर आपल्या नेमक्या मॉडेलसमोर पाहावे. परदेशातून आणलेल्या फोनांत भारतातील काही बँड नसतात, आणि मग टॉवरवर असलेली गोष्टही त्या फोनला दिसत नाही. सॉफ्टवेअरही अद्ययावत असावे: आयफोनमध्ये ५जीची सोय असूनही भारतात ती डिसेंबर २०२२ मधील आयओएस १६.२ नंतरच वापरता आली.

त्यानंतर वायफाय, व्हीपीएन, डेटा सेव्हर आणि बॅटरी सेव्हर बंद करावेत. बॅटरी सेव्हर चालू असताना अनेक फोन ५जीचा वापर थांबवतात. दोन सिम असल्यास ज्या सिमची चाचणी घ्यायची तेच डेटासाठी निवडावे आणि दुसरे तात्पुरते बंद ठेवावे. नेटवर्कचा प्रकार ‘ऑटो’वर असावा.

आकडे पाहण्यासाठी अँड्रॉइडवर *#*#४६३६#*#* हा कोड, सॅमसंगवर *#००११# आणि आयफोनवर *३००१#१२३४५#* वापरता येतो. काही फोनांत उत्पादकाने हे कोड बंद केलेले असतात. अँड्रॉइडवर नेटवर्क सेल इन्फो किंवा सेलमॅपर यांसारखे ॲप अधिक सोयीचे पडते. मात्र त्याला स्थानाची परवानगी द्यावी लागते, कारण ती नसेल तर अँड्रॉइड सेलची माहिती ॲपला देत नाही. ॲप रिकामे दिसते म्हणून ते काढून टाकणाऱ्यांची अडचण बहुधा एवढीच असते.

*सावधान:* या छुप्या मेनूंमध्ये बँड ठरावीक करून ठेवण्याची सोय असते. ती वापरल्यास चाचणी संपताच सर्व बँड पुन्हा स्वयंचलित करावेत, नाहीतर दुसऱ्या गावी गेल्यावर फोन नेटवर्कच पकडणार नाही.

*पडताळणी:* सेल क्रमांक, पीसीआय (शेजारचे सेल वेगळे ओळखण्याचा छोटा क्रमांक), टीएसी (सेलच्या परिसराचा क्रमांक), वारंवारितेचा क्रमांक म्हणजे एआरएफसीएन, आणि चौथ्या टप्प्यात समजावलेले आरएसआरपी, आरएसआरक्यू व एसआयएनआर यांपैकी बहुतेक आकडे पडद्यावर दिसत असतील, तरच पुढे जावे.

३. जागा आणि वेळा पक्क्या करा

चार-पाच जागा पुरेशा आहेत, पण त्या काटेकोर असाव्यात. ‘घरात’ ही जागा होत नाही. ‘दुसरा मजला, स्वयंपाकघर, ओट्याजवळ, खिडकी बंद’ ही जागा होते. यांतील एक जागा उघड्यावर असावी, एक घराच्या अगदी आतल्या खोलीत आणि एक अशी, जिथे रेंज हमखास ढासळते. काँक्रीटच्या इमारतीत दोन पावले सरकले तरी आकडे लक्षणीय बदलतात, म्हणून फोन ठेवण्याची जागाही ठरवून टाकावी आणि नोंद घेताना तो हातात न धरता टेबलावर ठेवावा.

वेळा दोन हव्यात: पहाटे सहाच्या सुमारास आणि रात्री आठ ते अकराच्या दरम्यान. पहाटे सेल जवळपास रिकामा असल्याने त्याची पूर्ण ताकद दिसते. रात्री तीच ताकद किती जणांत वाटली जाते हे कळते. केवळ दुपारी घेतलेल्या नोंदी या दोन्ही प्रश्नांची अर्धवट उत्तरे देतात.

ऋतूही लिहून ठेवावा. कोकणात किंवा घाटमाथ्यावर मे महिन्यात घेतलेली नोंद आणि भर श्रावणातील नोंद यांच्यामध्ये पानांनी भरलेली, ओली झाडे उभी असतात. ३३०० मेगाहर्ट्‌झच्या लहरींना ती ७०० मेगाहर्ट्‌झपेक्षा बरीच जास्त अडवतात. हा फरक टॉवरच्या खाती घालू नये.

४. आधीची नोंद घ्या

सगळ्या कामातील हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे आणि नेमका हाच वगळला जातो. किमान एक आठवडा, त्यात एक सुट्टीचा दिवस धरून, ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या वेळी नोंदी घ्याव्यात. ॲप उघडल्यावर अर्धा मिनिट थांबावे, कारण पडद्यावरचे आकडे काही वेळा जुनेच असतात. एका वेळी चार-पाच वाचने घेऊन मधले वाचन लिहावे आणि शक्य तेव्हा पडद्याचा स्क्रीनशॉटही ठेवावा.

आरएसआरपी म्हणजे सेलच्या संदर्भ-संकेताची ताकद. ती डीबीएममध्ये आणि उणे चिन्हाने दिसते. उणे ८० च्या आसपास उत्तम, उणे १०० चालण्याजोगी, उणे ११० च्या खाली अशक्त आणि उणे १२० जवळ तुटण्याच्या बेतात, असे ढोबळमानाने धरावे. एसआयएनआर म्हणजे आपला संकेत गोंगाटाच्या आणि शेजारच्या सेलच्या तुलनेत किती स्वच्छ आहे त्याचे माप. २० च्या वर उत्तम आणि शून्याच्या आसपास वाईट. आरएसआरक्यू उणे १० च्या जवळ असेल तर चांगला आणि उणे १५ च्या खाली गेला तर खराब समजावा, मात्र सेलवरील गर्दीनेही तो घसरतो हे लक्षात ठेवावे. या तिघांपैकी एकच आकडा लिहिण्याइतका वेळ असेल तर मी एसआयएनआर लिहीन, कारण वेगाशी त्याचे नाते सर्वांत जवळचे आहे आणि फोनच्या दांड्या बहुधा त्याविषयी काही सांगत नाहीत.

ओळख पटवणारे आकडे याहूनही जपून लिहावेत. ४जीचा संपूर्ण सेल क्रमांक २५६ ने भागला की भागाकार हा टॉवरवरील केंद्राचा क्रमांक मिळतो आणि बाकी हा त्या केंद्राच्या विशिष्ट सेलचा क्रमांक असतो. समजा पडद्यावर २१५०४०११ दिसले, तर केंद्र ८४००० आणि सेल ११. पुढे याच केंद्राखाली एखादा नवा सेल दिसला, तर त्याच टॉवरवर काहीतरी वाढले हे लगेच कळते. ५जीच्या क्रमांकाला मात्र हा भागाकार लावू नये. तिथे केंद्राच्या क्रमांकाची लांबी २२ ते ३२ बिटांपर्यंत कंपनीच्या निवडीप्रमाणे बदलते, आणि आंधळेपणाने २५६ ने भागल्यास चुकीचे केंद्र हाती लागू शकते.

बँड ओळखण्यासाठी ॲपने लिहिलेल्या नावापेक्षा एआरएफसीएनवर विसंबावे. ४जीत ० ते ५९९ म्हणजे बँड १, १२०० ते १९४९ म्हणजे बँड ३, २४०० ते २६४९ म्हणजे बँड ५, ३४५० ते ३७९९ म्हणजे बँड ८, ९२१० ते ९६५९ म्हणजे बँड २८, ३८६५० ते ३९६४९ म्हणजे बँड ४० आणि ३९६५० ते ४१५८९ म्हणजे बँड ४१. ५जीत १५१६०० ते १६०६०० म्हणजे एन२८ आणि ६२०००० ते ६५३३३३ म्हणजे एन७८.

*पडताळणी:* आठवड्याच्या शेवटी प्रत्येक जागेसाठी नेहमीचा सेल, त्याचा बँड, पहाटेचा आणि रात्रीचा एसआयएनआर हे चार रकाने भरलेले असावेत. एकाच जागी दोन सेल आलटून पालटून येत असतील तर दोन्ही लिहावेत. ती त्रुटी नाही, ती त्या जागेची वस्तुस्थिती आहे.

५. बदलाची चाहूल घ्या

ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांनुसार कंपन्यांना २जी, ४जी, ५जी असे सेवानिहाय व्याप्तीचे नकाशे आपल्या संकेतस्थळावर द्यावे लागतात. दूरसंचार विभागाच्या तरंग संचार संकेतस्थळावर परिसरातील टॉवर आणि त्यांवर चालणारे तंत्रज्ञान पाहता येते. सेलमॅपरवर लोकांनी गोळा केलेल्या नोंदी असतात. या तिन्हींचा उपयोग कुठे पाहायचे हे ठरवण्यासाठी करावा, पुरावा म्हणून नव्हे. व्याप्तीचा नकाशा आपल्या आतल्या खोलीबद्दल काहीही हमी देत नाही आणि लोकांनी टाकलेल्या नोंदी जुन्या असू शकतात.

खरी चाहूल आपल्याच वहीत लागते. ठरलेल्या जागी नवा केंद्र क्रमांक दिसणे, जुन्या केंद्राखाली नव्या एआरएफसीएनचा सेल येणे, किंवा रात्री काही वेळ नेहमीचा सेल गायब होऊन दुसऱ्या दिवशी परतणे, या नोंद घेण्याजोग्या घटना आहेत. ४जीत टायमिंग ॲडव्हान्स (टॉवरपर्यंतच्या अंतराचा निदर्शक आकडा) दिसत असेल तर त्याला ७८ ने गुणावे. टॉवर साधारण किती मीटरवर आहे ते कळते आणि नवा सेल कोणत्या टॉवरचा याचा अंदाज बांधता येतो.

*सावधान:* केवळ पीसीआय बदलला म्हणून अपग्रेड झाले असे लिहू नये. ४जीत पीसीआय ० ते ५०३ आणि ५जीत ० ते १००७ एवढेच असतात. ते ठिकठिकाणी पुन्हा वापरले जातात आणि नियोजनासाठी बदललेही जातात.

दुर्गम भागात आणखी एक काळजी घ्यावी. सरकारी निधीतून उभारलेल्या ४जी टॉवरांवर जानेवारी २०२५ पासून सर्कलांतर्गत रोमिंगची सोय सुरू झाली आहे, त्यामुळे एका कंपनीचे सिम दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवर चालू शकते. गावात अचानक रेंज आली तर आधी पडद्यावरचा नेटवर्क कोड पाहावा. तो आपल्या कंपनीचा नसेल तर आपल्या कंपनीने काही उभारलेले नाही, जरी फोन लागत असला तरी.

६. ५जीच्या चिन्हाची परीक्षा घ्या

४जीच्या आधारावर चालणाऱ्या ५जीमध्ये चिन्ह दिसते म्हणजे फोन ५जीवर आहे असे नव्हे. आधाराचा ४जी सेल ‘येथे ५जी जोडता येते’ एवढे जाहीर करतो आणि तेवढ्यावरच फोन चिन्ह दाखवू शकतो. प्रत्यक्ष जोडणी डेटाची मागणी वाढल्यावर होते. म्हणून मोठी फाइल उतरवायला लावावी आणि ती उतरत असताना ॲपमध्ये एनआरची, म्हणजे ५जी रेडिओची, ओळ येते का ते पाहावे. ओळ आलीच नाही तर तुमच्या जागी ५जी केवळ चिन्हापुरते आहे. स्वतंत्र ५जीमध्ये ही शंका राहत नाही, कारण तिथे मुख्य सेलच एनआरचा दिसतो.

मात्र स्वतंत्र ५जीमध्ये वेगळाच घोटाळा होतो. जिओकडे ३३०० च्या पट्ट्यात प्रत्येक सर्कलमध्ये किमान १०० मेगाहर्ट्‌झ आहेत, तर ७०० मध्ये फक्त १० मेगाहर्ट्‌झची जोडी. घराच्या आतल्या खोलीत फोन एन७८ सोडून एन२८ वर उतरला की चिन्ह तेच राहते, आरएसआरपी कधीकधी सुधारतोही, आणि वेग मात्र कोसळतो. हा बिघाड नव्हे. ७०० च्या लहरी भिंती अधिक सहज पार करतात, पण त्यांचा रस्ता अरुंद आहे. वेगाच्या प्रत्येक आकड्याशेजारी बँड लिहिण्याचा आग्रह यासाठीच आहे.

७. आता वेग मोजा

चाचणीपूर्वी आपला डेटा किती उरला आहे ते पाहावे. रोजचा कोटा संपल्यावर बहुतेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर आणला जातो, आणि त्या अवस्थेत घेतलेली चाचणी टॉवरविषयी काहीच सांगत नाही. ५०० एमबीपीएस वेगाने १५ सेकंद चाललेली एकच चाचणी ९०० मेगाबाइटांहून अधिक डेटा खाते, हेही विसरू नये.

प्रत्येक जागी आधी रेडिओचे आकडे लिहावेत, मग विलंब, मग डाउनलोड आणि शेवटी अपलोड. दरवेळी ॲपही तेच असावे आणि सर्व्हरही हाताने निवडलेला तोच. स्वयंचलित निवडीत एकदा मुंबईचा आणि एकदा दुसऱ्या राज्यातला सर्व्हर आला की तुलना संपली. तीन चाचण्या घेऊन मधली लिहावी. उन्हात तापलेला फोन स्वतःच वेग कमी करतो, म्हणून चाचण्यांमध्ये थोडी उसंत द्यावी.

आकड्यांचा अर्थ रेडिओच्या नोंदीशी जोडून लावावा. एसआयएनआर चांगला आहे, पहाटेचा वेगही चांगला आहे, पण रात्री तो घसरतो, तर सेलवर गर्दी आहे आणि तिथे नव्या बँडची किंवा जवळच्या नव्या टॉवरची गरज आहे. एसआयएनआर चांगला असूनही पहाटे आणि रात्री वेग सारखाच कमी आहे, तर टॉवरपासून पुढची जोडणी अरुंद असण्याची शक्यता मोठी, अर्थात कोटा संपलेला नाही याची खात्री केल्यावरच. आरएसआरपी चांगला पण एसआयएनआर वाईट, म्हणजे शेजारचे सेल एकमेकांवर कुरघोडी करत आहेत. इथे आणखी टॉवर मागून उपयोग नाही, अँटेनांची दिशा आणि झुकाव सुधारावे लागतात. अपलोडचा वेग डाउनलोडच्या कित्येक पटींनी कमी दिसला तर दचकू नये, कारण बँड ४०, ४१ आणि एन७८ मध्ये दोन्ही दिशांना एकच पट्टा वेळ वाटून वापरला जातो आणि वेळेचा मोठा वाटा डाउनलोडला दिलेला असतो.

८. कॉल तपासा

डेटाच्या नादात कॉल तपासायचा राहून जातो, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना तर तेच काम सर्वांत जास्त लागते. ठरलेल्या प्रत्येक जागेवरून कॉल लावावा आणि कॉल चालू असताना फोन ४जीवर राहतो, ५जीवर राहतो की २जीवर उतरतो ते पाहावे. जिओकडे २जी आणि ३जी नसल्याने व्होल्टी (४जीवरून कॉलची सोय) बंद असेल तर खाली उतरायला जागाच नसते. स्वतंत्र ५जीवरचा फोन कॉलच्या वेळी ४जीवर आला तर तो दोष समजू नये. ती ठरवून केलेली व्यवस्था असते. एक कॉल चालू ठेवून दोन टॉवरांच्या मधल्या पट्ट्यातून चालत जावे, कारण नव्या टॉवरचे शेजाऱ्यांशी नाते नीट जुळवले नसेल तर कॉल नेमका तिथेच तुटतो.

*सावधान:* चाचणी म्हणून ११२ लावू नये. वाहनातून नोंदी घ्यायच्या असतील तर त्या चालकाने घेऊ नयेत.

९. नंतरची नोंद आणि तक्रार

बदल दिसल्यावर लगेच निकाल देऊ नये. नवा सेल सुरू झाल्यावर काही आठवडे त्याची शक्ती, अँटेनाचा झुकाव आणि शेजाऱ्यांच्या याद्या जुळवल्या जातात, आणि त्या काळात आकडे वरखाली होतात. आकडे स्थिरावल्यावर चौथ्या टप्प्यासारखाच पूर्ण आठवडा, त्याच जागी आणि त्याच वेळी पुन्हा नोंदवावा.

सुधारणा झालीच नसेल, किंवा आधी चांगली असलेली जागा खराब झाली असेल, तर कंपनीच्या तक्रार केंद्राकडे तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा. ‘नेट चालत नाही’ असे न लिहिता जागा, वेळ, सेल क्रमांक, बँड, आरएसआरपी, एसआयएनआर आणि आधीचे तेच आकडे एका खाली एक द्यावेत. अशी तक्रार फोन बंद करून चालू करण्याचा सल्ला देऊन मिटवणे अवघड जाते. समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत दाद मागता येते. ट्राय व्यक्तिगत तक्रारींचा निवाडा करत नाही, त्यामुळे तिकडे पत्र पाठवण्यात हे ३० दिवस घालवू नयेत.

तक्रार निकाली काढल्याचा संदेश आला की त्याच दिवशी, रात्रीच्या ठरलेल्या वेळी, तक्रारीतल्या जागेवर पुन्हा मापन करावे आणि आकडे जुनेच असतील तर ते तक्रार क्रमांकासह अपिलाला जोडावेत.